चौघांचं पातेलं

दारावरचं दुकान

इथे कसं घ्यायचं: जमिनीवर बसून. आधी भांडं पसंत करायचं, पण पसंत पडलंय हे तोंडावर दिसू द्यायचं नाही. मग एकेक जुना कपडा पुढे टाकत जायचं. बर्तनवाली 'और लाओ' म्हणत राहते. ती गप्प झाली की भांडं आपलं.

रेवतीला हे सगळं येत होतं. दिल्लीत जन्मलेली, सरकारी क्वार्टरात वाढलेली मुलगी ती. दारावर येणाऱ्या बर्तनवालीशी आई कशी झुंजते ते बघत मोठी झालेली. आता ती सरोजिनी नगरच्या क्वार्टरात सून म्हणून नांदत होती आणि ते क्वार्टर रिकामं करायचं होतं. सासरे, श्रीरंग, केंद्र सरकारच्या एका खात्यात सेक्शन ऑफिसर होते. उन्हाळ्यात गेले. नवऱ्याने, अनुरागने, गुडगावला सहाव्या मजल्यावर फ्लॅट घेतला होता, आणि दिवाळी झाल्याझाल्या तिकडे जायचं ठरलं होतं. सासूबाई, कुमुद, त्या सकाळी शेजारणींचा निरोप घ्यायला गेल्या होत्या.

बर्तनवालीने टोपलीतून एक पातेलं काढून उन्हात धरलं. जाड बुडाचं, काठ गोल वळवलेले. रेवतीने बोटाने वाजवलं. आवाज बराच वेळ रेंगाळला.

स्वतःचे कुडते झाले. अनुरागच्या जीन्स झाल्या. दोन चादरी झाल्या.

"और लाओ."

"अरे, और क्या लाऊँ? घर दे दूँ?"

"घर तो सरकार का है, बहूजी," बर्तनवाली म्हणाली. "अपना कुछ लाओ."

रेवती आत गेली. गोदरेजच्या कपाटात खालच्या फळीवर मरून रंगाचा स्वेटर होता. सासऱ्यांचा. कुमुदने क्वार्टरांच्या हिरवळीवर उन्हात बसून, संत्री सोलत, बायकांत गप्पा छाटत विणलेला. कोपरं विरली होती. पुढची बटणं तपकिरी, पण मधलं एक हरवल्यामुळे तिथे निळं लावलेलं. आता कोण घालणार, असं रेवतीच्या मनात आलं, आणि तिने तो आणून टाकला.

बर्तनवालीने बाहीत हात घातला. कोपराच्या भोकातून तिची बोटं बाहेर आली. तिने स्वेटर हातावर तोलला.

"किसका है?"

"ससुरजी का."

"बड़ा भारी है." आणि मग, सहज विचारावं तसं: "कितने लोग हो घर में?"

"चार," रेवती म्हणाली.

सवयीने म्हणाली. लग्न होऊन आल्यापासून ती कणीक चौघांची मळत होती, चहा चौघांचा टाकत होती. जीभ वळली आणि बोलून गेली.

बर्तनवालीने हातातलं पातेलं टोपलीत परत ठेवलं, त्याहून मोठं एक काढलं आणि रेवतीच्या मांडीवर दिलं.

"तो ये लो. चार का."

ती गप्प झाली होती. म्हणजे भांडं आपलं.

कुमुदला संध्याकाळी कपाट आवरताना कळलं.

"ह्यांचा स्वेटर बोहारणीला घातलास?"

"कुणाला?"

"बर्तनवालीला गं."

"आई, कोपरं पार गेली होती. मला वाटलं…"

कुमुद रागावली नाही. पलंगावर बसली आणि रिकाम्या फळीकडे बघत राहिली. "गेलेल्या माणसाचा कपडा कुणा गरजवंताच्या अंगावर घालावा," ती म्हणाली. "बदल्यात काही घेऊ नये. भांडं तर नाहीच. भांड्यावर घातला की तो माणूस त्या भांड्यात जेवायला येतो म्हणतात." मग तिनेच विषय झटकला. "आमच्या आत्याचं हे. ती काहीही सांगायची. चल, ते वर्तमानपत्र दे इकडे, कप गुंडाळू."


दुकान नाही, स्वयंपाकघर

इथे कसं घ्यायचं: वाढलेलं.

गुडगावात रस्त्यांना नावं नव्हती, फेज होते. खिडकीतून बघितलं तर मोहरीची शेतं, मध्येच काचेची एक इमारत, मग पुन्हा शेत. थंडी दिल्लीपेक्षा बोचरी. पहिल्याच दिवशी रेवतीने नव्या पातेल्यात भात लावला. तिघांना पुरून थोडा उरेल असा. झाकण काढलं तर दोघांचाच निघाला.

"इथलं पाणी बोअरवेलचं आहे यार," अनुराग म्हणाला. "भात आटतो."

"भात आटतो? पाणी आटतं."

"गुडगाव आहे. इथे काहीही होऊ शकतं."

दुसऱ्या दिवशी तिने वाटीभर जास्त घातला. दोघांचाच निघाला. मग खिचडी, मग पिठलं, मग पाहुण्यांना पुरेल एवढी भाजी. कितीही घाला, निघायचं दोघांचं. तिने पातेलं माळ्यावर टाकलं आणि जुना कुकर काढला. कुकरमधला भात नीट निघाला. तिघांची ताटं तिने भरून वाढली, आणि त्या दिवशी तिने ते पाहिलं.

कुमुदची एक जुनी रीत होती. नवऱ्याचं जेवण झाल्यावर त्याच्याच ताटात जेवायची. सून आली, टेबल आलं, तरी ही रीत सुटली नव्हती. अनुराग चिडवायचा, 'आई, ताटं धुवायचा आळस किती.' आता श्रीरंग नव्हते, तरी कुमुद आपल्या भरल्या ताटासमोर हात मांडीवर ठेवून बसून राहिली. थांबली. अनुराग जेवून उठला, बातम्या लावायला गेला. रेवती समोर बसलेली. तिने फक्त आमटी वाढून घ्यायला मान वळवली. परत बघितलं तर कुमुदच्या ताटात भात नव्हता, पोळी नव्हती, कोशिंबीर नव्हती. लोणच्याची फोड चोखून कडेला ठेवलेली. श्रीरंग ठेवत तशी.

"आई, तुम्ही…"

"थांब," कुमुद हळूच म्हणाली. "काही उरतंय का बघू."

काही उरलं नव्हतं.

रेवतीने चौथं ताट मांडून पाहिलं. ते तसंच राहिलं, सुकून गेलं. रिकामं झालं ते कुमुदचंच. श्रीरंग आपल्याच ताटात येत होते, आणि त्यांचं ताट आणि तिचं ताट एकच होतं.

"पूर्वी पोट भरायचं ह्यांचं," कुमुद म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती, काळजी होती. "माझ्यापुरतं नेहमी ठेवायचे. आता भरतच नाही. थंडीत भूक जास्त लागते ना माणसाला. अंगावर काही नाहीये गं त्यांच्या."

तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. गालांची हाडं वर आली. डॉक्टरने तपासण्या केल्या, सगळं ठीक निघालं. अनुराग म्हणायचा, ताट तर रोज साफ असतं, जेवते ती; बाबांचं मनावर घेतलंय, होईल हळूहळू. रेवतीने एकदा त्याला सांगायचा प्रयत्न केला. त्याने तिच्या कपाळाला हात लावून ताप आहे का बघितलं.

मग एका सकाळी कुमुद न्हाणीघरात जाताना भिंतीला धरून खाली बसली आणि तिला उठता येईना. रेवतीने तिला उचललं. एका हाताने उचललं. पाण्याने भरलेली बादली याहून जड असते. त्याच दिवशी तिने माळ्यावरून पातेलं काढलं, पिशवीत घातलं. स्वेटर परत आणायचा, बाकी काही नाही.


जमिनीवरचं दुकान

इथे कसं घ्यायचं: उजाडायच्या आत येऊन. वाकून. किंमत मोठ्याने बोलायची नाही, बोटांवर सांगायची.

दिल्लीतल्या सगळ्या बर्तनवाल्या गोळा केलेले कपडे पश्चिमेकडे, रघुबीर नगरच्या बाजारात आणतात. एवढं रेवतीला ऐकून माहीत होतं. धुक्यात मैदानभर बायका बसलेल्या, प्रत्येकीपुढे शहराने अंगावरून काढून टाकलेल्या कपड्यांचा ढीग. घेणारे वाकून एकेक कपडा उजेडाला धरत होते. एवढी माणसं, पण आवाज फक्त कापड झटकल्याचा. रेवती ढिगांमधून चालली तेव्हा तिला उगाच पाय उचलून टाकावेसे वाटले, झोपलेल्या माणसांमधून जावं तसे.

तिची बर्तनवाली मधल्या रांगेत होती. रेवतीला बघून तिला नवल वाटलं नाही.

"स्वेटर," रेवती म्हणाली. "मरून वाला. ये बर्तन वापस ले लो."

पातेलं तिने पुढे केलं. बाईने हात पदराखाली घेतले.

"दिया हुआ बर्तन मैं नहीं छूती, बहूजी."

"ऐसे ही ले लो. कुछ नहीं चाहिए."

"तुमने चार बोला था. मैंने चार का दिया." बाईने तिच्याकडे जरा निरखून पाहिलं. "कितने खाते हैं अब?"

रेवतीने बोटं मोजली आणि कुमुदच्या बोटाशी थांबली.

"तुम्हारे उधर ही गया वो," बाई म्हणाली आणि ढिगाकडे वळली. "सरोजिनी. गरम माल पटरी वाला उठा ले गया."


ओरडणारं दुकान

इथे कसं घ्यायचं: सरोजिनीच्या फुटपाथवर उभं राहून, त्याचं ऐकून. मध्ये बोलायचं नाही.

"आ जाओ आ जाओ, एक्सपोर्ट का माल, लेबल काटा है दिल नहीं काटा, आ जाओ दीदी! छाँट लो. हाथ लगाओ, हाथ लगाने का कुछ नहीं लगता. क्या? मरून? दीदी, मरून क्या, लाल है, मेहरून है, जामुनी है, जो बोलो. ओ भाई साहब, बच्चे को नीचे उतारो, टेबल मेरा है! हाँ दीदी. पुराना? किसने कहा पुराना? सब नया है. अच्छा, धीरे बोलो. कोहनी फटी थी? बीच का बटन नीला? (इथे त्याचा आवाज खाली आला. टेबलावरून तो वाकला. मागे झाडाला टांगलेले स्वेटर वारा नसताना एकाच बाजूला कलले होते, कुणी रांगेत उभं राहून पुढे काय चाललंय ते बघावं तसे.) वो मैंने टाँगा था दीदी. दो दिन टाँगा. जो भी हाथ लगाता, पूछता भाई ये गीला क्यों है. गीला नहीं था. ठंडा था. मैंने फटे माल में डाल दिया. फटा गरम माल सब पानीपत जाता है, वहाँ धागा बनता है. जल्दी जाओ, मशीन इंतज़ार नहीं करती. कुछ और दिखाऊँ? घर में कितने लोग हैं? सबके लिए ले जाओ. आ जाओ आ जाओ, एक्सपोर्ट का माल…"


गादीवरचं दुकान

इथे कसं घ्यायचं: चपला बाहेर काढून, पांढऱ्या गादीवर टेकून. चहा नाकारायचा नाही. दुकानदार एकावर एक ब्लँकेटं उलगडत जाईल. कितीही उलगडली तरी त्याला कंटाळा येत नाही आणि आपण संकोचायचं नाही.

अनुरागला तिने सांगितलं, एका मैत्रिणीच्या लग्नासाठी चादरी घ्यायला पानिपतला जातेय. बस पकडली. शाळेत पानिपत म्हटलं की लढाई. एवढे मराठे गेले आणि परत आले नाहीत. बस हायवेवरून उतरली तेव्हा रेवतीला तेच आठवलं, आणि ते उगाच आठवलं असं वाटलं नाही.

दुकानदार वयस्कर, गोड बोलणारा होता. चहा आला. ब्लँकेटं उलगडली गेली. ती म्हणाली, मला ब्लँकेट नको, तुमच्याकडे आलेला एक स्वेटर हवाय. तो हसला नाही. कप खाली ठेवला आणि तिला मागच्या अंगणातून कारखान्यात घेऊन गेला.

छपराएवढे ढीग, रंगारंगाचे. निळा डोंगर, हिरवा डोंगर, काळा सर्वांत मोठा. विलायतेतले कोट, अमेरिकेतल्या टोप्या, लुधियान्याची शाल, कुणाच्या बाळाचे मोजे. बायका गोल करून बसल्या होत्या. कात्रीने बटणं, चेन, लेबल कापायच्या आणि उरलेलं पुढे टाकायच्या. पलीकडे दात असलेलं मशीन सगळं ओरबाडून कापूस करत होतं.

"कौन सा रंग?"

"मरून."

त्याने जिथे बोट दाखवलं तिथे जमीन होती, झाडून स्वच्छ केलेली. "मरून आज सुबह निकल गया, बेटी."

रेवती परत जायला वळली. मग बटणं कापणाऱ्या बायकांतली एक हात पुसत उठली, मुठीतलं काहीतरी तिच्या तळहातावर ठेवून परत जाऊन बसली. निळं बटण. मरून दोऱ्याची गाठ अजून त्याला चिकटलेली. कुमुद मारते तशी, दोनदा उलटी फिरवून.

"ये मेरे हाथ से बार-बार गिरता था," ती बाई म्हणाली, मान वर न करता. "मैंने रख लिया. सोचा कोई आएगा."

दुकानदाराने रेवतीला गादीवर परत आणलं. पाणी दिलं. "धागा बन गया तो ख़त्म थोड़े होता है," तो समजावणीच्या सुरात म्हणाला. "उस लॉट के कंबल आज ही बुने जाएँगे. सारे एक ही दुकान ने लिए हैं, नई वाली, बड़ी. गुड़गाँव में. आप कहाँ से आई हैं?"

"गुडगाव."

"तो फिर," तो म्हणाला, "आप क्यों इतनी दूर आईं?"


काचेचं दुकान

इथे कसं घ्यायचं: स्वतःच. ट्रॉली घ्यावी, हिंडावं, उचलावं. कुणी काही विचारणार नाही. कुणी काही सुचवणार नाही. भाव करता येत नाही, कारण समोर कुणी नाही.

दुकान त्यांच्या सोसायटीपासून चालत जाण्याएवढं जवळ होतं. त्याच हिवाळ्यात उघडलेलं. पानिपतचा माल लागला त्या दिवशी रेवती सकाळीच गेली. दरवाजा आपोआप बाजूला सरकला. आत दिवस नव्हता आणि रात्र नव्हती, सगळीकडे एकच पांढरा उजेड. रेवतीला आयुष्यात पहिल्यांदा दुकानात शिरल्यावर कुणी 'आइए' म्हटलं नाही, आणि तिला आपण दिसतोय की नाही अशी शंका आली.

बायका ट्रॉल्या ढकलत होत्या. गुडगावातल्या नव्या फ्लॅटांतल्या बायका, चांगले कोट घातलेल्या, डोळ्यांखाली काळं. ट्रॉल्यांमध्ये तांदळाच्या गोण्या, पिठाच्या गोण्या, तेलाचे डबे, बटाट्यांची पोती. एकीच्या ट्रॉलीचं चाक वजनाने आडवं फिरत होतं. आपल्याकडे लग्नाचा बाजार असा करतात, रेवतीला वाटलं. इतकी लग्नं एकदम?

ब्लँकेटं मागच्या भिंतीला होती. मरून रंगाची चवड तिच्या डोक्याएवढी उंच. सगळी सारखी, सगळ्यांवर तीच पिवळी रिबीन. तिने एकेक हातावर तोलून पाहायला सुरुवात केली. हलकं. हलकं. हलकं. खालून वर हात घालत ती गेली, आणि मध्येच एक ब्लँकेट तिच्या हातात असं आलं, की तिला ते दुसरा हात लावून सावरावं लागलं.

बड़ा भारी है.

गार होतं. तिने ते पोटाशी धरलं आणि काउंटरच्या रांगेत उभी राहिली. काउंटरमागे खाली मान घातलेली एक मुलगी, हाताखाली लाल उजेड. पहिली खरेदी असेल तर कार्ड करून देत होते.

"नाम? पता? घर में कितने लोग हैं?"

"तीन," रेवती म्हणाली. या वेळी विचार करून.

पुढची बाई ट्रॉली ढकलता ढकलता थांबली. मागे वळून तिने आधी ब्लँकेटकडे पाहिलं, मग रेवतीकडे. चेहरा दमलेला, पण वाईट नव्हता.

"पहला है?" तिने विचारलं.

"क्या?"

"कंबल."

"हाँ."

"अगली बार," ती बाई म्हणाली, "ट्रॉली ले लेना."


दुकान नाही, स्वयंपाकघर

इथे कसं घ्यायचं: जागा करून.

दुपारचं ऊन पलंगावर आलं होतं. रेवतीने रिबीन सोडली, ब्लँकेट कुमुदच्या अंगावर घातलं, आणि निळं बटण तिच्या हातात दिलं. कुमुदने गाठीवरून अंगठा फिरवला.

"आणलास," ती म्हणाली. "एवढं सगळं हिंडून आणलास."

रेवतीने पातेल्यात मऊ भात लावला. झाकण काढलं तर घातला तेवढाच होता. तिने तो कुमुदच्या ताटात घेतला, वर तूप सोडलं, पलंगाशी नेला. कुमुद थांबली. रेवतीने मान वळवली नाही, पापणीही लववली नाही. ताटातला अर्धा भात दिसेनासा झाला आणि अर्धा राहिला. नीट, बाजूला सारून ठेवलेला.

कुमुद जेवली. सावकाश, बोटं चाटून जेवली. रेवती भिंतीकडे तोंड करून रडली.

संध्याकाळी अनुराग आला तेव्हा त्याची आई उशीला टेकून बसली होती आणि बोलत होती. तो खूश झाला. "काय गं आई, कुणाशी गप्पा?"

"अरे, तू दार लावून घे. गारठा येतो, ह्या लोकांना सवय नाही," कुमुद म्हणाली. "ही बाई तर कुठली आहे कळतच नाही. गोरी आहे. लांब मरून कोट होता म्हणते."

अनुरागने रेवतीकडे पाहिलं. रेवतीने पातेल्याकडे पाहिलं.

तिने रात्रीचा स्वयंपाक कितीतरी जास्त केला होता, आनंदाने. झाकण काढलं. पातेल्याचं बूड चकचकत होतं. एक शीतही चिकटलेलं नव्हतं. तिने कुकर उघडला. रिकामा. पोळ्यांचा डबा. रिकामा. फळीवरची बिस्किटं, फ्रिजमधलं दूध. ब्लँकेट एका स्वेटरचं नव्हतं. मरून डोंगरातल्या सगळ्यांचं होतं. ज्यांनी ज्यांनी मरून घातलं आणि गेले, ते सगळे त्यात पिंजून, कातून, एकमेकांत विणून आले होते. आणि सगळे लांबून आले होते.

"तुझे बाबा म्हणतात, त्यांना आधी वाढा," कुमुद आतून म्हणाली. "पाहुणे आहेत."

अनुराग म्हणाला, ते ब्लँकेट मी उद्या चौकीदाराला देऊन टाकतो. खूप वेळ तो हेच म्हणत होता. रेवती आत गेली. कुमुद पलंगावरून खाली उतरली होती. भिंत न धरता. पदर खोचून ती जमिनीवर वर्तमानपत्रं अंथरत होती, भिंतीपासून भिंतीपर्यंत, पंगतीला अंथरतात तशी. शेवटी तिने एक पान अंथरलं आणि त्यावर हात फिरवला. "हे माझं," ती म्हणाली. "ह्यांच्या शेजारी. अगं, सगळे जेवायला बसलेले असले की ह्यांचं लवकर पोट भरतं. माझ्यापुरतं ठेवतात मग. कणीक मळतेस ना?"

तिच्या गालावर रंग होता. रेवतीने ते पाहिलं, आणि तिला ब्लँकेट उचलून बाहेर नेता येईल हेही तिला माहीत होतं. दार तीन पावलांवर होतं.

"ब्लँकेट कुठेही जाणार नाही," ती बाहेर येऊन अनुरागला म्हणाली. "पर्स कुठाय माझी?"


काचेचं दुकान

इथे कसं घ्यायचं: मोठी ट्रॉली घेऊन.

दरवाजा बाजूला सरकला. तांदूळ, कणीक, डाळ, बटाटे. मोहरीचं तेल, कुमुदच्या सांगण्यात कुणीतरी बंगाली होतं म्हणून. पाव आणि चीज, त्या गोऱ्या बाईसाठी. बाळाचे मोजे आठवून दुधाची पावडर. ट्रॉली जड होऊन तिरकी चालू लागली तेव्हा रेवतीने ती अंगाने ढकलली, बाकीच्या बायका ढकलत होत्या तशी.

काउंटरवरच्या मुलीने कार्ड फिरवलं.

"मैडम, इसमें तीन लिखा है. घर में तीन लोग."

"बदल दो."

"कितने?"

रेवतीने कार्डाकडे पाहिलं. मग उलट तिलाच विचारलं, "कितने आते हैं उसमें?"

"एक ही अंक आता है, मैडम."

"तो नौ लिख दो. हैं ज़्यादा. नौ लिख दो."

मुलीने बटण दाबलं. मान वर केली नाही.

"सब नौ ही लिखवाते हैं," ती म्हणाली, आणि तांदळाची पहिली गोणी लाल उजेडावरून पुढे सरकवली.